कंटूर प्लॉटमध्ये एकाच्या जागी दोन तिरके डाग येताहेत, मॅटप्लॉटलिबवाले जरा इकडे बघा

उगाच_कोडर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक जुना फोर्ट्रानमधला प्रोग्राम आहे, तो तापवलेल्या पत्र्याचं तापमान काढतो आणि टेक्स्ट फाइल ओकतो. तीन कॉलम: एक्स, वाय आणि तापमान. पत्रा २ मीटर बाय १ मीटर, दर सेंटिमीटरला एक बिंदू, म्हणजे एक्सच्या दिशेने २०१ आणि वायच्या दिशेने १०१, एकूण २०,३०१ ओळी. ओळी तेवढ्याच आहेत, ते तपासलंय.

कोड ऑफिसच्या मशीनवर आहे आणि तिथून चिकटवता येत नाही म्हणून शब्दांतच सांगतो. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीने फाइल वाचली, तिसरा कॉलम रीशेप करून (म्हणजे लांबट यादीचा तक्ता करून) १०१ बाय २०१ केला, कारण कंटूरला ओळी म्हणजे वाय आणि स्तंभ म्हणजे एक्स लागतो असं वाचलं होतं, आणि ते चित्रं काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या कंटूरएफला दिलं (कंटूर समान किमतींच्या रेषा काढतो, कंटूरएफ मधले पट्टे रंगवतो). एरर नाही, वॉर्निंग नाही, गपगुमान चित्र आलं. पण पत्र्यावर गरम जागा एकच आहे, तिच्याभोवती गोल रेषा यायला पाहिजेत ना? इथे शेजारी शेजारी दोन डाग आलेत, चपटे आणि उजवीकडे चढत गेलेले. सॉल्व्हर, म्हणजे तो फोर्ट्रानचा प्रोग्राम, बरोबर आहे, त्याचे आकडे दुसरीकडे पडताळलेले आहेत. डोकं चालेनासं झालंय.

रेघोट्या
सॉल्व्हरला हात लावू नका, भानगड रीशेपमध्ये आहे. फाइलच्या पहिल्या शंभरेक ओळी उघडून बघा, एक्सचा कॉलम तिथे शून्यावर अडकलेला असेल आणि वाय पळत असेल. बरोबर?

उगाच_कोडर
हो! पहिल्या १०१ ओळींत एक्स ० आहे, मग ०.०१ सुरू होतं. इथून कसं कळलं?

रेघोट्या
तुमच्या डागांवरूनच. नमपायचा रीशेप डोळे मिटून फाइलच्या क्रमाने घरं भरत जातो, आधी एक ओळ पूर्ण, मग दुसरी, त्याला तुमचा एक्स कुठला आणि वाय कुठला याचं काही घेणंदेणं नाही. तुम्ही ओळ ठेवली २०१ घरांची. फाइलमध्ये वायचं चक्र १०१ चं. म्हणजे एका ओळीत दोन चक्रं जवळजवळ मावली, म्हणून डाग दोन. आणि जवळजवळच, कारण दोन चक्रं म्हणजे २०२ आणि ओळ २०१ ची, त्यामुळे दर ओळीला सगळं एकेक घर सरकत गेलं, म्हणून तिरकं. चपटं का, तर एका ओळीत दोन एक्स संपताहेत, मग डागाची एक्सकडची लांबी निम्म्या उंचीत कोंबली गेली.

उपाय: आधी २०१ बाय १०१ मध्ये रीशेप करा आणि मग ट्रान्स्पोज (ओळींचे स्तंभ, स्तंभांच्या ओळी) घ्या. किंवा आकार १०१ बाय २०१ च ठेवा पण ऑर्डर या पर्यायात एफ द्या, म्हणजे तो आधी स्तंभ भरत जाईल. दोन्हीचा निकाल एकच.

उगाच_कोडर
झालं!! एकच डाग, गोल गरगरीत. दंडवत घ्या.

आकडेमोड
रेघोट्या यांनी निदान मस्त केलंय पण मला वाटतं रीशेपचा नादच सोडावा. फाइल पांडाजमध्ये (पायथनची तक्त्यांची लायब्ररी) वाचा आणि पिव्हट करा, इंडेक्स वाय, कॉलम्स एक्स, व्हॅल्यूज तापमान. मग फाइलचा क्रम काहीही असो, उद्या कोणी सॉर्ट करून दिली तरी फरक पडत नाही, आणि मधली एखादी ओळ गायब असेल तर तिथे नॅन (किंमत नाही अशी खूण) येतो, कंटूर ती जागा मोकळी सोडतो आणि तुम्हाला चित्रातच भोक दिसतं. रीशेपमध्ये एक ओळ गायब असेल तर निदान एरर येते, पण एक गायब आणि एक दुबार असेल तर तीही येत नाही, आकडा जुळतो आणि त्या दोन जागांच्या मधलं सगळं सरकतं.

फक्त पिव्हटच्या आधी एक्स आणि वाय राउंड करून घ्या. काही प्रोग्राम ०.०१ मिळवत मिळवत पुढे जातात, मग एकीकडे ०.३ आणि दुसरीकडे ०.३०००००००४ असं लिहिलं जातं, पांडाजला ते दोन वेगळे कॉलम वाटतात आणि ग्रिडमध्ये अख्खी रिकामी पट्टी पडते. २०१ च्या जागी २०४ कॉलम दिसले की समजायचं.

शंकासुर
माझ्याकडे ग्रिड चौकोनी आहे, १०१ बाय १०१. म्हणजे हा प्रॉब्लेम मला येणारच नाही ना?

रेघोट्या
उलट तुम्हाला जास्त धोका. तुमच्याकडे उलटं भरलं तरी दोन डाग वगैरे काही दिसणार नाही, चित्र देखणं येईल, फक्त एक्स आणि वायची अदलाबदल झालेली असेल. डाटा थोडाफार सममित असेल तर जन्मात कळायचं नाही. आयताकृती ग्रिडवाला निदान बोंबलतो तरी.

म्हणून खरा डाटा टाकायच्या आधी त्याच ग्रिडवर एक खोटा डाटा टाकून बघा, झेड म्हणजे एक्स अधिक दहा गुणिले वाय. रेषा जवळजवळ आडव्या आल्या पाहिजेत, आणि आकडे वरच्या बाजूला वाढले पाहिजेत. उभ्या आल्या तर अदलाबदल, खाली वाढले तर उलटापालट. पण हा खोटा डाटा खऱ्या फाइलच्याच वाटेने आत आला पाहिजे हां, म्हणजे फाइलमधल्या एक्स-वाय कॉलमवरून काढायचा आणि त्याच रीशेपमधून न्यायचा. वेगळा मेशग्रिड (एक्स-वायच्या जाळ्याचे तक्ते) बनवून टेस्ट केली तर तुम्ही मेशग्रिडची टेस्ट केली, स्वतःच्या कोडची नाही.

शंकासुर
उलटापालट कशी होते पण?

आकडेमोड
आयएमशोमुळे. आयएमशो ही फोटो दाखवायची गोष्ट आहे, त्यात पहिली ओळ डिफॉल्टने वर असते. कंटूरमध्ये पहिली ओळ खाली. खाली रंगाला एक्स्टेंट (चित्राच्या चार कडांचे एक्स-वाय) देऊन आयएमशो आणि वर रेषांना कंटूर असं एकत्र केलं की रंग एकीकडे आणि रेषा आरशातल्यासारख्या दुसरीकडे. आयएमशोला ओरिजिन लोअर सांगा आणि एक्स्टेंट द्या. त्यातही एक्स्टेंट म्हणजे पिक्सेलच्या बाहेरच्या कडा असतात आणि कंटूरचे एक्स-वाय म्हणजे बिंदूंच्या जागा, त्यामुळे अर्ध्या घराचा फरक उरतो तो वेगळा. १ सेंटिमीटरच्या घरांत कोणाला दिसत नाही, दहा-बारा घरांच्या ग्रिडमध्ये मात्र ठसठशीत दिसतो. त्यापेक्षा पीकलरमेश घ्या आणि शेडिंग निअरेस्ट ठेवा, ते बिंदू मध्यभागी धरून घर रंगवतं.

आणि मेशग्रिडचं पण लक्षात असू द्या, नमपायचा मेशग्रिड डिफॉल्टने एक्सवाय पद्धतीने देतो, म्हणजे कंटूरला पाहिजे तसंच. एमग्रिड मात्र आयजे पद्धतीने देतो, म्हणजे बरोबर उलटं. एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही वापरणारे लोक मी पाहिलेत, त्यांना माझा साष्टांग.

उगाच_कोडर
मंडळी, पुढची अडचण. पत्रा सगळीकडे २० ते १०० अंश सेल्सिअसमध्ये आहे पण गरम जागेच्या ऐन मध्यावर ४०० पर्यंत जातं. आपोआप येणारं चित्र म्हणजे सगळा पत्रा एकाच गडद रंगात आणि मध्ये चिमुकला ठिपका. लेव्हल्स (म्हणजे कोणकोणत्या किमतींना रेषा) १० दिल्या, पण मोजल्या तर दहा येतच नाहीत. मग नमपायचं अरेंज २०, १००, १० असं करून लेव्हल्सची यादी दिली, तर आता मध्ये पांढरं भोक!

रेघोट्या
तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत नको.

लेव्हल्सला नुसता आकडा दिला तर ती विनंती असते, हुकूम नसतो. लायब्ररी कमाल आणि किमान यांच्यामध्ये सोयीचे गोल आकडे शोधते, दहा म्हटलं तर जास्तीत जास्त अकरा, आणि सात आल्या तरी तिची काही तक्रार नसते. तुम्हाला ठरावीकच रेषा हव्या असतील तर यादी द्यायची, चढत्या क्रमाने.

अरेंज शेवटचा आकडा घेत नाही. २०, १००, १० म्हणजे २०, ३०, ४० असं करत ९० ला थांबलं. आणि कंटूरएफ यादीच्या बाहेरच्या किमतींना रंगच देत नाही, ९० च्या वर जे काही आहे ते पांढरं. भोक नाही ते, तुमची गरम जागाच आहे ती! लिनस्पेस २० ते १०० नऊ आकडे घ्या, आणि एक्सटेंड या पर्यायाला मॅक्स द्या. मग १०० च्या वरचं सगळं शेवटच्या रंगात जाईल आणि कलरबारच्या (शेजारच्या रंगपट्टीच्या) टोकाला त्रिकोण येईल, की याच्या पुढेही आहे बरं का. दोन्ही बाजूंना बाहेर जाणारा डाटा असेल तर बोथ.

तिसरं, व्हीमिन आणि व्हीमॅक्सने लेव्हल्स बदलत नाहीत. ते फक्त कुठल्या किमतीला कुठला रंग एवढंच ठरवतात. पीकलरमेशची सवय असलेले लोक व्हीमॅक्स १०० देतात आणि रेषा तशाच का राहिल्या म्हणून कपाळाला हात लावून बसतात.

आकडेमोड
त्यात भर: लेव्हल्स समान अंतराच्याच पाहिजेत असा काही नियम नाही. २०, २५, ३०, ४०, ६०, १००, २००, ४०० अशा द्या की. पण मग रंग नीट वाटले जात नाहीत, खालचे पाच-सहा पट्टे सारख्याच छटेचे दिसतात, कारण रंग किमतीच्या अंतरावर ठरतो. तिथे बाउंडरीनॉर्म (पट्ट्यांच्या हद्दींवरून रंग वाटणारा नियम) लावा, तोच लेव्हल्सचा संच त्याला द्या, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला ठळक वेगळा रंग मिळेल.

आणि दोन चित्रं शेजारी ठेवून तुलना करायची असेल, समजा तापवण्याआधी आणि नंतर, तर दोघांना तीच लेव्हल्सची यादी हाताने द्या. आपोआपवर सोडलं तर दोन्हीकडे तोच लाल रंग दिसतो, एकीकडे तो ९० असतो आणि दुसरीकडे ३५०. बघणारा कलरबार वाचत नाही, रंग बघतो आणि पुढे जातो. माझं तर म्हणणं आहे की लेव्हल्स आपोआप सोडलेलं कंटूर चित्र हे कच्चं चित्र, स्वतःला बघायला ठीक, दुसऱ्याला दाखवायला नाही.

शंकासुर
+१. लॉग स्केलबद्दल पण कोणीतरी लिहा, माझ्याकडे किमती ०.००१ ते १००० आहेत.

रेघोट्या
लोकेटर (लेव्हल्स निवडणारा) म्हणून लॉगलोकेटर द्या, नॉर्म (किमतीवरून रंग ठरवायचा नियम) तो आपोआप लॉगचा घेतो. शून्य किंवा ऋण किमती असतील तर आधी मास्क करा (झाकून वगळा), लॉगमध्ये त्यांना जागाच नाही.

अर्धविराम
एक बाळबोध शंका. नुसत्या काळ्या रेषांचा कंटूर काढला तर माझ्या काही रेषा तुटक येतात. प्रिंटरचा दोष म्हणावं तर स्क्रीनवरही तशाच.

रेघोट्या
त्या ऋण किमतींच्या रेषा आहेत. सगळ्या रेषा एकाच रंगात असल्या की मॅटप्लॉटलिब ऋण लेव्हल्स डॅश करतं, मुद्दाम. नको असेल तर आरसीपॅरॅम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्ज) कंटूर निगेटिव्ह लाइनस्टाइल सॉलिड करा. मी मात्र ठेवतो, खड्डा आणि टेकडी एका नजरेत वेगळी कळते.

ढगाळ
धागा वाचतोय, वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न जरा वेगळा. माझ्याकडे ग्रिडच नाही. एका एल आकाराच्या हॉलमध्ये ३८ सेन्सर, कसेही विखुरलेले, प्रत्येकाचं गॅसचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं ग्रिडडेटा वापरलं (ते विखुरलेल्या बिंदूंवरून ग्रिडवरच्या किमती काढतं), मेथड क्यूबिक, चित्र बघत राहावं असं आलं. पण कलरबारवर उणे १२ पीपीएम दिसतंय. उणे गॅस?

आकडेमोड
क्यूबिक म्हणजे तो बिंदूंमधून वळणदार पृष्ठभाग नेतो आणि वळण घेताना बाहेर जातो. शेजारी एक सेन्सर ९० आणि बाकीचे २-३ असतील तर उतार घेता घेता शून्याच्या खाली जाणारच. लिनिअर घ्या. त्यात तीन बिंदूंचा त्रिकोण आणि आतली किंमत त्या तिघांच्या मधलीच, बाहेर जायचा प्रश्नच नाही. दिसायला कोनाडे दिसतील, दिसू देत.

खरं तर ग्रिडवर आणायची पण गरज नाही. ट्रायकंटूरएफ थेट विखुरलेले बिंदू घेतो, डेलोने पद्धतीने त्रिकोण पाडतो आणि त्यांच्यावरच कंटूर काढतो. मधली एक पायरी वाचली, तेवढ्याच चुका वाचल्या.

तुमचा हॉल एल आकाराचा आहे इथे मात्र लक्ष द्या. डेलोने सगळे बिंदू रबर लावून गुंडाळल्यासारखे बाहेरच्या बाजूने घेतो, म्हणजे एलचा जो कोपरा हॉलमध्ये नाहीच, तिथेही लांबलचक त्रिकोण पडतात आणि रंग भरला जातो. भिंतीच्या पलीकडे गॅस! लिनिअर ग्रिडडेटाचंही तेच, त्या कवचाच्या बाहेर तो नॅन देतो पण एलची खाच कवचाच्या आतच येते. ट्रायँग्युलेशनचं ऑब्जेक्ट आधी वेगळं बनवा, प्रत्येक त्रिकोणाचा मध्य काढा, तो खाचेत पडत असेल तर सेट मास्कने तो त्रिकोण बाद करा. कडेला सुईसारखे त्रिकोण होतात त्यांच्यासाठी ट्रायअ‍ॅनलायझरमध्ये सपाट त्रिकोणांचा मास्क तयार मिळतो.

रेघोट्या
आणि चित्रावर ३८ ठिपके काळ्या रंगात टाकाच टाका. जिथे सेन्सर नाही तिथल्या रेषा म्हणजे अंदाज आहे, हे बघणाऱ्याला कळू द्या.

अवांतर: एडमंड हॅलीने, हो तोच धूमकेतूवाला, १७०१ साली अटलांटिक महासागराचा नकाशा छापला, होकायंत्राची सुई उत्तरेपासून किती ढळते त्याच्या समान किमतींच्या रेषा काढून. मापं जहाजातून फिरून घेतलेली, म्हणजे जहाज गेलं तिथलीच. मधला समुद्र त्याने रेषांनी जोडला. तुमचंच काम, फक्त सायपाय नव्हतं.

शंकासुर
आता भांडण लावतो. आमच्या साहेबांना रेषा मऊसूत पाहिजेत. ग्रिड २० बाय २० चा आहे, रेषा खडबडीत कोनांच्या येतात. मी सायपायच्या एनडीइमेजमधलं झूम वापरून पाचपट करतो आणि मग कंटूर काढतो. यात काही गैर?

आकडेमोड
गैर आहे. खडबडीत रेषा हा लायब्ररीचा दोष नाही. ती प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे बघते, कोणता कोपरा लेव्हलच्या वर, कोणता खाली, एवढ्याने १६ शक्यता होतात. ज्या बाजूचं एक टोक वर आणि दुसरं खाली तिथे रेषा ओलांडणार, कुठे ते साध्या त्रैराशिकाने, आणि असे दोन बिंदू सरळ रेषेने जोडायचे. समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली असले की रेषा दोन तऱ्हांनी जोडता येते, तिथे चौघांची सरासरी घेऊन निवड करतात. बस. म्हणजे कोन दिसले तर तुमचा ग्रिडच तेवढा जाड आहे, आणि ते चित्र प्रामाणिकपणे सांगतंय. झूम डिफॉल्टने घन स्प्लाइन (तीच क्यूबिक वळणं) लावतं, म्हणजे ढगाळ यांचं उणे गॅस प्रकरण मागच्या दाराने परत आत.

रेघोट्या
इथे मी सहमत नाही. डाटा मुळातच गुळगुळीत आहे हे माहीत असेल, उष्णता वहन वगैरे, तर स्प्लाइनने काढलेली मधली किंमत त्रैराशिकापेक्षा खऱ्याच्या जवळच असते. त्रैराशिक पण अंदाजच आहे ना शेवटी? तो खडबडीत दिसतो म्हणून प्रामाणिक झाला असं थोडंच. फक्त मूळ कमाल-किमान आणि झूमनंतरचे कमाल-किमान दोन्ही छापून बघा, फार फरक असेल तर सोडून द्या. गाउसियन फिल्टरला (शेजारच्या किमतींची सरासरी घेणारा) मात्र माझाही विरोध आहे, तो शिखरं खाली आणतो, ४०० चं ३२० होऊन बसतं आणि वर ते चित्र रिपोर्टमध्ये जातं.

आकडेमोड
कमाल-किमान छापून बघायचं मान्य. पण सॉल्व्हर हातात असेल तर ग्रिडच बारीक करून परत चालवावा, मागाहून पॉलिश कशाला.

शंकासुर
एक रन रात्रभर चालतो हो. साहेब सकाळी चित्र मागतात.

आकडेमोड
मग झूम करा आणि चित्राखाली तसं लिहा. साहेबांना वाचायचं तर वाचतील.

अर्धविराम
माझे बिंदू वर्तुळावर आहेत, दर १० अंशांना एक. पोलर प्रोजेक्शनमध्ये (कोन आणि अंतराचा गोल आलेख) कंटूरएफ काढला की ३५० ते ३६० मध्ये फाक राहते.

रेघोट्या
त्याला ३६० म्हणजेच ० हे माहीत नसतं. पहिला स्तंभ शेवटी परत जोडा आणि कोनांच्या यादीत ३६० टाका (रेडियनमध्ये अर्थातच). जगाच्या नकाशावर रेखांशाला हेच होतं, त्यासाठी कार्टोपाय या नकाशांच्या लायब्ररीमध्ये अ‍ॅड सायक्लिक पॉइंट तयार आहे.

उगाच_कोडर
चित्र जवळजवळ झालंय, दोन बारीक गोष्टी राहिल्यात. एक, पत्र्याच्या कडा २० अंशांवर धरलेल्या आहेत आणि २० ची रेषा काढली की कडेने कोणीतरी पेन झटकल्यासारखं गिचमिड येतं. दोन, पीडीएफ केलं की रंगांच्या पट्ट्यांमध्ये पांढऱ्या केसासारख्या रेघा दिसतात, पीएनजीत नाही दिसत.

आकडेमोड
पहिलं: कडेजवळ किमती १९.९९९९९९९ आणि २०.००००००१ अशा लटपटत असणार, रेषा त्या दोन्हींमधून नागमोडी फिरते. सपाट भागाची जी किंमत तीच लेव्हल कधी घ्यायची नाही. २० ऐवजी २०.५ पासून सुरू करा, गिचमिड गायब. भरलेल्या रंगांना २० चालेल, पण १९.९ घेतलंत तर बरं, कारण सगळ्यात खालच्या लेव्हलच्या किंचित खाली गेलेला बिंदू पांढरा राहतो.

रेघोट्या
दुसरं: ते पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रामचं अँटीअलायझिंग. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा मऊ होतात आणि मधून कागद दिसतो. पट्ट्यांच्या कडांना त्यांचाच रंग द्या, कंटूरएफ जे ऑब्जेक्ट परत देतो त्यावर सेट एजकलर फेस. मॅटप्लॉटलिब ३.८ पासून हे थेट चालतं. त्याआधीच्या व्हर्जनमध्ये कलेक्शन्सवर (पट्ट्यांच्या यादीवर) लूप फिरवून एकेकाला सांगावं लागायचं, आणि नेटवरची बहुतेक जुनी उत्तरं तशीच आहेत. ती ३.१० वर चिकटवलीत तर कलेक्शन्स नावाचं काही नाहीच म्हणून एरर येईल, तेव्हा आधी व्हर्जन बघा.

उगाच_कोडर
आमच्याकडे ३.५ आहे, ऑफिसचं मशीन! लूपच फिरवतो मग. १९.९ आणि २०.५ दोन्ही केलं, कडा स्वच्छ झाल्या. आता रेषांवरचे आकडे तेवढे एकमेकांवर चढताहेत.

रेघोट्या
सीलेबलला (रेषांवर आकडे टाकणारं फंक्शन) सगळ्या लेव्हल्स देऊ नका, एकाआड एक द्या, आणि एफएमटीमध्ये (आकड्याचा फॉरमॅट) दशांश काढून टाका. तरी चढले तर मॅन्युअल ट्रू करा, मग जिथे क्लिक कराल तिथेच आकडा बसतो.